एकोणीस नंबर

आमच्या ओल्शिंकीत घरांचे नंबर रस्त्याबरोबर चालत नाहीत.
एकाशेजारी दोन नसतं.
सातच्या भिंतीला भिंत लावून एकतीस,
एकतीसच्या समोर, अरुंद पुलापलीकडे, चार.
राणीच्या काळात शिपाई आले काळ्या रंगाचा डबा घेऊन,
तेव्हा उभी होती त्या घरांना मिळाले पहिले आकडे;
पुढे जे जे बांधलं, ते मागे रांगेत गेलं.
रांग काळाची, जागेची नव्हे.
म्हणून टपाल वाटायला नवी पोरगी आली
की पहिले दोन महिने रडते.
मीही रडले.
मग चौतीस वर्षं सायकलवरून हे गाव वाटलं.

भूगोल थोडाच आहे.
एक ओढा, त्याला नाव नाही.
उत्तरेला टेकडी, तिच्या उतारावर शेतं,
शेतांत दर वसंतात नवे धोंडे उगवतात,
बटाट्यांच्याही आधी.
दक्षिणेला तळं. ते देवानं केलेलं नाही,
साडेचारशे वर्षांपूर्वी माणसांनी फावड्यांनी खणलंय,
आणि बांधावर ओक लावलेत, मुळांनी माती धरावी म्हणून.
काठाला ओल्शे: ओलीत पाय बुडवून जन्मभर उभी,
तरी कधी शिंकत नाहीत.
गावाचं नाव त्यांचं.

इतिहास व्हेंडेलिन श्कोपेक मास्तरांच्या अक्षरात,
गावाच्या वहीत, जांभळ्या शाईनं.
१९१७: देवळाची घंटा तोफांसाठी नेली. पावती जोडली आहे.
पावतीवर वजन त्रेपन्न किलो.
घंटा, म्हातारे सांगायचे, नव्वदची होती.
१९४६: अकरा घरं रिकामी.
एवढंच. पूर्णविराम.
एरवी गारपिटीवर दोन-दोन पानं लिहिणारा माणूस.
१९५२ची चार पानं ब्लेडनं कापलेली, अगदी सरळ;
ज्यानं कापली त्याचा हात थरथरत नव्हता.
त्या साली शेतांमधले बांध नांगरून टाकले,
आणि वडील संध्याकाळी चुकून
दुसऱ्याच्या कुरणातून घरी आले.
दुसऱ्याचं असं काही उरलं नव्हतं तरी
माफी मागायला परत गेले.

१९९१च्या जूनमध्ये एक पत्र आलं, बव्हेरियाहून.
पत्ता: ओल्शिंकी, घर नंबर एकोणीस.

एकोणीस म्हणजे पाणगिरणी. राइनेल्टांची.
ते गेल्यावर व्होलिनियातून आलेले यांदोउरेक राहिले तिथे,
बारा वर्षं, भिंतीवर एकही तसबीर न लावता.
म्हणायचे, खिळे दुसऱ्याचे आहेत.
मग छप्पर बसलं, दगड गोठ्याच्या बांधकामाला गेले.
आकडा मात्र कोणाला दिला नाही.
मेलेल्या घराचा नंबर आम्ही पुन्हा वापरत नाही.

नियम सांगतो: घर नसेल तर पत्र परत.
मी उघडलं.
वाल्ट्राउड नावाची बाई. जाताना नऊ वर्षांची होती.
'मला काही परत नको,' असं दोनदा लिहिलेलं,
दुसऱ्यांदा खाली रेघ मारून.
फक्त विचारत होती,
पाटाजवळचं नाशपातीचं झाड आहे का.

छातीएवढ्या खाजऱ्या झुडपांतून गेले. हात आठवडाभर पेटले.
माझं जर्मन शाळेतलं, तेही अर्धं.
लिहिलं: झाड आहे. पोकळ आहे. फळं कडक.
नोव्हेंबरपर्यंत पेंढ्यात ठेवावी लागतात.
तिचं उत्तर एका ओळीचं:
हो, आईही तसंच करायची, पोटमाळ्यावर.
पुढे काही नाही.

वही आता माझ्याकडे आहे.
हे तिच्यात लिहायचं की नाही, अजून ठरत नाही.
आमदनीचं लिहिते. शाळा बंद झाली ते लिहिलं.
प्राहाहून शनिवारी येणारे लोक हिरवळ कापतात, त्याचा आवाजही लिहिला.

ऑक्टोबरात तळ्याचं दार उचलतात.
तीन दिवस पाणी जातं, मग कार्प मासे चमकू लागतात,
जाळी, रबरी बूट, रम घातलेला चहा,
मुलांचा गलका.
मासे गाडीत चढले तरी कोणी लगेच घरी जात नाही.
हात खिशात घालून उभे राहतात सगळे,
चार नंबर, सात नंबर, एकतीस,
काही न बोलता चिखलाकडे बघत:
यंदा तरी गोल असं काही वर येतंय का.